१ मोबाईल, ३५ मुलं: वर्गातल्या प्रत्येकाचं उत्तर दिसावं म्हणून काय काय करता येतं?

फळा_आणि_खडू

शाळेत टीव्ही आला, टॅब आले, तरी तास बहुतेक वेळा तसाच चालतो. शिक्षक दाखवतात, मुलं बघतात. "समजलं का?" विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून "होऽऽ" येतं आणि धडा पुढे सरकतो. माझ्या मते वर्गात तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा उपयोग दाखवण्यासाठी नाही, विचारण्यासाठी आहे. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाच्या डोक्यात आत्ता काय चाललंय, ते याच मिनिटाला कळलं पाहिजे. पेपर तपासताना कळून उपयोग नाही, तोवर धडा होऊन गेलेला असतो.

त्यासाठी मुलांच्या हातात मोबाईल लागत नाही. शिक्षकाचा एक मोबाईल आणि छापलेली कार्डं पुरतात. प्लिकर्स नावाची सोय (मोबाईल ॲप आणि संकेतस्थळ) बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण ती दोन दिवसांत का बंद पडते हे कुणी सांगत नाही. म्हणून तपशिलात लिहितो.

प्रत्येक मुलाला एक क्रमांकाचं कार्ड. कार्डावर काळी ठोकळेदार आकृती असते, प्रत्येक क्रमांकाची वेगळी, आणि चार कडांना चार अक्षरं. मुलाने आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून धरायचं. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवायचा. ३५ कार्डं साधारण अर्ध्या मिनिटात वाचून होतात. कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी पडद्यावर येतं. आकृत्या वेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून आपलं तसंच फिरवलं तरी उत्तर तेच येईल असं नाही. कॉपीचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

तयारी अशी:

प्लिकर्सच्या संकेतस्थळावर वर्ग तयार करून मुलांची नावं हजेरीच्याच क्रमाने घाला, म्हणजे हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच राहतो. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, ए-४ कागदावर दोन याप्रमाणे २० पानं. पट ४० च्या वर असेल तर ६३ कार्डांचा संच घ्या.

छपाई जाड कागदावर करा, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) पुढे. साध्या झेरॉक्सच्या कागदातून मागचा उजेड आरपार येतो, काळा भाग करडा दिसतो आणि कॅमेऱ्याला आकृती सापडत नाही.

लॅमिनेशन चकचकीत नको. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो, त्या पट्ट्यातली आकृती गायब होते आणि ते मूल "उत्तर दिलं नाही" म्हणून नोंदलं जातं. मॅट मिळालं तर करा, नाहीतर करूच नका. वर्ष संपेपर्यंत आठ-दहा कार्डं पुन्हा छापावी लागतील, तेवढं चालेल.

अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात. खालच्या वर्गांसाठी कार्डाच्या मागच्या बाजूला अ, ब, क, ड मोठं लिहून द्या. इथे हमखास चूक होते: कार्ड उलटलं की डावी-उजवी कड बदलते. म्हणून कार्ड उजेडासमोर धरून, ज्या कडेला पुढे जे अक्षर आहे त्याच कडेच्या मागे ते लिहा. पुढच्या बाजूला आकृतीभोवतीचा पांढरा भाग मात्र कोरा ठेवा, तिथे पेन लागला तर वाचन बिघडतं.

मुलं कार्ड दोन्ही हातांनी मधोमध धरतात, बोटं काळ्या भागावर येतात. खालचे दोन कोपरे चिमटीत धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा. उभं राहताना खिडकी तुमच्या पाठीशी हवी. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर सगळी कार्डं काळवंडलेली दिसतात.

---

दशांशचिन्ह

छान धागा. यंत्रणा नीट लिहिली आहे, पण सगळं घोडं प्रश्नापाशी अडतं. बहुपर्यायी प्रश्नाचे चुकीचे पर्याय कसेही भरले तर पडद्यावर फक्त "२० बरोबर, १५ चूक" दिसतं. १५ जणांचं नेमकं काय चुकलं ते कळत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखीची चूक असली पाहिजे.

१/२ + १/३ हे घ्या. पर्याय: ५/६, २/५, २/६, १/६. ज्याने २/५ धरलं त्याने वरच्यात वरचं आणि खालच्यात खालचं मिळवलं. २/६ वाल्याने छेद समान केला पण अंश तसेच ठेवले. १/६ वाल्याने सरळ गुणाकार केला. या तिघांना तीन वेगळी कामं द्यायची आहेत. पहिल्याला कागदाची घडी घालून द्या: अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी (२/५) कसं येईल, हा प्रश्न त्याला स्वतःला पडू द्या. दुसऱ्याला फक्त १/२ म्हणजे ३/६ एवढीच पायरी पुन्हा हवी.

आता एक फसवा प्रश्न. "सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३७५, ०.४५, ०.६?" बरोबर उत्तर ०.६. पण "दशांशचिन्हानंतर अंक कमी म्हणजे संख्या मोठी" असं धरून चालणारं मूलही ०.६ च सांगतं. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर! त्याऐवजी ०.७, ०.७५, ०.७०५ द्या. अंक जास्त ती मोठी मानणारा ०.७०५ धरेल, अंक कमी ती मोठी मानणारा ०.७ धरेल, आणि स्थानिक किंमत समजलेला ०.७५. तीन पर्याय, तीन वेगळे विचार. चौथा पर्याय भरायचा म्हणून भरू नका.

खालच्या वर्गात संख्यावाचनाला हेच लावा. तोंडी "एकोणसाठ" म्हणा आणि पर्याय ५९, ६९, ६१ द्या. ६९ म्हणजे "साठ" ऐकून दशकाला ६ आणि "एकोण"चा ९. ६१ म्हणजे "एक" आणि "साठ". "छत्तीस"ला ६३ निवडणारं मूल आधी ऐकू येणारा अंक आधी लिहितं, कारण मराठीत एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची जोडरीत आली तेव्हा केवढा वाद झाला! वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरीच आहे. आपल्या वर्गातली किती मुलं तिथे अडतात हे कार्डांनी दोन मिनिटांत कळतं.

---

नदीकाठ

उत्तरं आल्यावर पुढे काय करायचं, तेही ठरलेलं हवं. नाहीतर आलेख बघायचा, "अरे वा" म्हणायचं आणि पुढे जायचं, असं होतं.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून एक पद्धत रुळवली. मुलं आधी एकटी उत्तर देतात. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून देतात. मग पुन्हा उत्तर देतात. त्यांचा ठोकताळा असा: ३० टक्क्यांपेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चा लावू नका, संकल्पना पुन्हा शिकवा, कारण पटवून देणारंच कुणी नाही. ३० ते ७० च्या मध्ये असतील तर जोड्यांत चर्चा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे.

३५ च्या वर्गात म्हणजे १० पर्यंत, ११ ते २४, आणि २५ किंवा जास्त. हे तीन आकडे टेबलावर चिकटवून ठेवा.

दोन पथ्यं. पहिल्या फेरीनंतर बरोबर उत्तर सांगायचं नाही आणि आलेखही दाखवायचा नाही. आलेख दिसला की मुलं बहुमताकडे वळतात आणि चर्चा मरते. दुसरं, जोड्या वेगळं उत्तर असलेल्यांच्या लावा. दोघांचं उत्तर एकच असेल तर बोलायला काही उरत नाही.

---

काजवा२२

नेट नसेल तर? आमच्या भागात भिंतीपाशी उभं राहिलं तरच रेंज येते.

---

फळा_आणि_खडू

@काजवा२२, नेट नसेल तर बोटं. अ म्हणजे एक, ब म्हणजे दोन, क तीन, ड चार. हात उंच करायचा नाही, छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही. "तीन, दोन, एक, दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम. मोबाईलने वर्गाचा एक फोटो काढा आणि मधल्या सुट्टीत हजेरीपटावर नोंदवा. नावानिशी नोंद महत्त्वाची. नुसता अंदाज घेतला तर तीच तीन-चार मुलं दर वेळी नजरेतून सुटतात. नोंद झाली की फोटो पुसून टाका.

---

ओहमचा_नियम

विज्ञानाबद्दल लिहितो. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग) मोफत आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. काजवांच्या अडचणीवरचा उपाय इथे सोपा आहे: नव्या पद्धतीचं प्रत्येक सिम्युलेशन म्हणजे एकच एचटीएमएल फाईल. जिथे नेट आहे तिथे उतरवून पेन ड्राईव्हवर घ्या, शाळेतल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा, नेटशिवाय चालते. पण फाईल संकेतस्थळावरच्या "डाउनलोड"वरूनच घ्या. ब्राउझरमधून पान "सेव्ह" केलं तर शाळेत गेल्यावर कोरी चौकट उघडते.

"सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी" हे धाराविद्युतसाठी. सुरुवातीला बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो. एक बल्ब जोडला की ०.९ अँपिअर. दोन बल्ब एकसर जोडले की ०.४५. दोन समांतर जोडले की प्रत्येकातून ०.९ आणि बॅटरीतून १.८. आकडे मुलांना तोंडी करता येतात, म्हणून हे मूल्य बदलू नका.

आता खरी गोम. सिम्युलेशनमध्ये दुसरा बल्ब समांतर जोडला तरी पहिल्याचा उजेड तसूभरही कमी होत नाही. मुलं प्रत्यक्षात टॉर्चचा सेल घेऊन तेच करतात तेव्हा दोन्ही बल्ब मंदावतात. मग "सर, कम्प्युटर खोटं दाखवतो" किंवा "आमचा प्रयोग चुकला", दोन्ही निष्कर्ष चुकीचे. कारण सिम्युलेशनमधल्या बॅटरीचा अंतर्गत रोध (तिच्या आतच विजेला होणारा अडथळा) मुळात शून्य धरलेला असतो. खऱ्या सेलला तो असतो, आणि सेल जुना होईल तसा वाढतो.

"ॲडव्हान्स्ड" या खणात बॅटरीचा रोध बदलण्याची पट्टी आहे. ती ५ ओहमवर न्या. आता एका बल्बला ९ ÷ (५ + १०) = ०.६ अँपिअर. दोन समांतर केले की बल्बांचा मिळून रोध ५, म्हणून एकूण ९ ÷ (५ + ५) = ०.९, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ०.४५. ०.६ वरून ०.४५! मंदावले. टेबलावरचा सेल आणि पडद्यावरचा सेल जुळले. नववीच्या तासाला एवढं एक झालं तरी खूप झालं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी खरा सेल, वायर, बल्ब. मग अंदाज (वरच्या कार्डांनी: दुसरा बल्ब जोडल्यावर पहिला अ) तसाच राहील ब) मंदावेल क) प्रखर होईल). मग सिम्युलेशन. अंदाज न घेता थेट पडदा लावला तर मुलं निळे ठिपके धावताना बघत बसतात, प्रश्न कुणालाच पडत नाही.

भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं असतं. आपल्या पुस्तकातले "विभवांतर", "रोध", "एकसर जोडणी" हे शब्द तिथे तसेच असतील असं धरू नका. आदल्या दिवशी उघडून बघा आणि वेगळे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

---

जोडाक्षर

गूगल फॉर्मवर चाचणी घेणाऱ्यांसाठी. मराठीत "लघुउत्तर" प्रकार ठेवून आपोआप गुण द्यायला लावलं तर हुशार मुलांचे गुण कापले जातात, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही.

फॉर्म अक्षरशः जुळणी करतो. "ॲल्युमिनिअम"चं पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी टाईप होतं: ॲ, अ‍ॅ, ऍ. पहिली दोन पडद्यावर जवळपास सारखीच दिसतात, पण आतून वेगळी आहेत. मोबाईलच्या एका कीबोर्डवर पहिलं येतं, दुसऱ्यावर दुसरं. तसंच "दऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो, दोन्ही बरोबर, पण यंत्राच्या लेखी वेगळे. शिवाय "२५" आणि "25" हेसुद्धा वेगळेच.

उपाय: उत्तरसूचीत सगळी रूपं घाला, एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं घालायची सोय आहे. आणि "बाकी सगळी उत्तरं चूक" ही खूण करू नका, म्हणजे न जुळलेली उत्तरं स्वतः बघून गुण देता येतात. शुद्धलेखन तपासायचं असेल तर लघुउत्तर अजिबात नको. "दऱ्या" (डोंगरातल्या) आणि "दर्या" (समुद्र) असे पर्याय देऊन वाक्यात कोणता बसतो ते विचारा.

दुसरं दुखणं जुन्या प्रश्नपत्रिकांचं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाईप केलेला मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, पण वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. त्यामुळे रफार आणि पहिली वेलांटी एकत्र आली की हमखास घोळ होतो. "मूर्तिकार", "आर्थिक", "धार्मिक" हे शब्द शोधून आधी तपासा. मग ऱ्ह, ऱ्य, क्ष, ज्ञ. एवढं केलं की नव्वद टक्के काम झालं.

---

आडवाट

थोडं वेगळं मत. व्हिडिओला सगळे नावं ठेवतात, पण भरती-ओहोटी किंवा पेशीविभाजन फळ्यावर खडूने कसं हलवून दाखवणार? व्हिडिओ हवाच. फक्त सहा मिनिटांचा असेल तर तीनदा थांबवायचा. कुठे थांबवायचा ते आधी बघून मिनिट-सेकंद वहीत लिहायचं. आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावायचा, निवेदन मुलांनी करायचं. पेशीविभाजनाला हे फार छान जमतं: "आता गुणसूत्रं मधोमध रांगेत आली" असं मूल स्वतःच्या शब्दांत बोललं की पाठांतर आणि समज यातला फरक लगेच कानाला कळतो.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड विसरू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती कल्पना पुढे आणली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ त्यांना मिळाला आणि १० लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. आपल्याच भाषेतल्या शिक्षकाची कल्पना आहे, ती पुस्तकाच्या पानावर पडून राहू नये.

पान फाटलं किंवा छपाई पुसट असली तर कोड वाचला जात नाही. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो, तो शासनाच्या दीक्षा ॲपमध्ये शोधखिडकीत टाका, तोच घटक उघडतो. घरी नेट असताना घटक ॲपमध्येच उतरवून ठेवता येतो आणि वर्गात नेटशिवाय चालतो.

---

फळा_आणि_खडू

@आडवाट, आवाज बंद करून निवेदन, ही युक्ती मूळ लेखातच असायला हवी होती. व्हिडिओला विरोध नाही, थांबा नसलेल्या व्हिडिओला आहे.

---

नदीकाठ

पडद्याबद्दल एक हिशेब. ६ मीटरवर बसलेल्या मुलाला आरामात वाचता यायला अक्षराची उंची निदान ४-५ सेंटिमीटर हवी, वेलांट्या-उकार वेगळे. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५४ सेंटिमीटर उंच. ओळीला ७-८ सेंटिमीटर धरले तर एका पानावर सातच ओळी बसतात. पुस्तकाचं पान तसंच्या तसं टीव्हीवर टाकणं म्हणजे मागच्या तीन रांगांसाठी पांढरा चौकोन. शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघणं हीच खरी चाचणी.

---

पाटी_पुस्तक

पहिली ते तिसरीसाठी काही? तिथे पर्याय वाचताच येत नाहीत अशी मुलं असतात.

---

जोडाक्षर

@पाटी_पुस्तक ताई, तिथे मोबाईलचा ध्वनिमुद्रक सगळ्यात उपयोगी. मुलाला न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा उतारा द्या आणि एक मिनिट वाचन मुद्रित करा. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब, टेबलावर कापड टाकून त्यावर. विमान मोड लावा, नाहीतर मध्येच फोन येतो आणि मुद्रण तुटतं. फाईलला नाव हजेरी क्रमांक आणि तारखेचं.

नंतर ऐकताना उताऱ्याच्या प्रतीवर खुणा करा: अडखळला तिथे रेघ, चुकला तिथे गोल, स्वतःच सुधारलं तिथे बरोबरची खूण. निपुण भारतची (केंद्र सरकारचं वाचन-गणिताच्या पायाभूत कौशल्यांचं अभियान) उद्दिष्टं दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० अशी आहेत, पण नुसती संख्या मोजू नका. मराठीत "शेतकऱ्यांच्यासाठी" हाही एकच शब्द आणि "घर" हाही एकच. गोल कुठे पडलेत ते बघा. सगळे गोल जोडाक्षरांवर असतील तर काम जोडाक्षरांचं. वेलांट्यांवर असतील तर बाराखडीकडे परत. आणि गोल एकही नसेल पण शेवटी विचारलेल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही, तर ते मूल अक्षरं वाचतंय, मजकूर नाही. त्याला वेग वाढवायला लावू नका.

मुद्रणं पालकांच्या किंवा शिक्षकांच्या गटावर टाकू नका. महिन्याआधीचं आणि आत्ताचं अशी दोन त्या मुलाला स्वतःला ऐकवा, बाकीची पुसा.

---

काजवा२२

बोटांचं उद्याच सुरू करतो. कार्डांसाठी एक विचारायचं होतं: वर्षाच्या मध्ये नवीन मूल आलं किंवा कुणी दाखला काढून नेला तर क्रमांक पुन्हा लावायचे का?

---

फळा_आणि_खडू

अजिबात नको. नवीन मुलाला शेवटचा रिकामा क्रमांक द्या, ३६ असेल तर ३६. गेलेल्याचं कार्ड पाकिटात ठेवून द्या, दुसऱ्या मुलाला देऊ नका, नाहीतर जुन्या नोंदी नव्या मुलाच्या नावावर वाचल्या जातात. आणि कार्डं मुलांच्या दप्तरात नको. दर बाकाला एक पाकीट, तास संपला की तिथेच. मोजून घ्यायला पंधरा सेकंद लागतात.

@जोडाक्षर, खुणांच्या प्रतीचा एक नमुना इथे टाकाल का? दुसरीचा उतारा चालेल.